प्रयोग चालू असताना प्रोजेक्शन जातं? आधी काळोख ओळखा

तालमीत सगळं सुरळीत चालतं. रंगीत तालमीतही चित्र एकदाही अडखळत नाही. आणि ऐन प्रयोगात, भरल्या नाट्यगृहात, मागच्या पडद्यावरचं चित्र जातं. नट क्षणभर थबकतात आणि बूथमधला (प्रकाश, ध्वनी, चित्र चालवण्याच्या खोलीतला) माणूस हाताला लागेल ती केबल हलवायला लागतो.

नाटकाच्या प्रोजेक्शनमधला हा सगळ्यात नेहमीचा बिघाड. वेगवेगळ्या नाटकांत, वेगवेगळ्या यंत्रांवर तो इतक्यांदा निस्तरून झालाय की तपासणीचा क्रम आता हाताला बसलाय. तोच इथे देतो. बहुतेक वेळा प्रोजेक्टर निर्दोष असतो. दोष असतो तो लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांच्या मधल्या वाटेत. प्रोजेक्टर बदलून आणला तरी वाट तीच राहते, म्हणून पुढच्या प्रयोगात चित्र पुन्हा जातं.

लक्षणं

- चित्र एक-दोन सेकंद जातं आणि आपोआप परत येतं.
- चित्र परत येतं, पण जागा बदलून: पडद्यावर लॅपटॉपचा डेस्कटॉप आणि लॅपटॉपवर नाटकाचं चित्र.
- जाण्याआधी चित्रात पांढरे किंवा रंगीत ठिपके चमचमतात.
- दर वेळी साधारण तेवढ्याच वेळाने जातं.
- ठरावीक प्रकाशाच्या क्यूवर (ठरल्या क्षणी द्यायच्या बदलावर) किंवा धूर सोडण्याच्या आसपास जातं.
- प्रोजेक्टरचा उजेडच विझतो. पंखा घोंघावत राहतो, अंगावरचा लाल किंवा नारिंगी दिवा लुकलुकतो.
- चित्र असतं, पण झटके देत चालतं.
- चित्र असतं, पण रंगमंचावर उजेड चढला की दिसेनासं होतं.

ही आठही लक्षणं सांगताना लोक एकच वाक्य बोलतात, 'प्रोजेक्टर गेला'. म्हणून कशालाही हात लावण्याआधी एक प्रश्न विचारा.

काळोख कोणता आहे?

चित्र गेलं की पडद्यावर जो काळोख उरतो तो चार प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा.

पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी आली, तर प्रोजेक्टर जिवंत आहे, दिवा पेटलेला आहे, पण त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. दोष केबल, जोड, कन्व्हर्टर (सिग्नलचं रूप बदलणारी डबी) किंवा लॅपटॉपच्या आउटपुटमध्ये.

पाटी नाही, नुसता करडा-काळा चौकोन दिसतो, तर सिग्नल पोचतो आहे, पण तो काळ्या चित्राचाच सिग्नल आहे. केबल सोडा, संगणकाकडे जा: क्यू संपला, फाइल सापडली नाही किंवा चित्र दुसऱ्याच आउटपुटला गेलं.

चौकोनही नाही, पडदा पूर्ण काळा, तर उजेडच बंद झालाय. वीज, उष्णता, दिवा किंवा शटर (उजेड बाहेर पडू न देणारी झडप).

चौथा काळोख फसवा असतो. चित्र जागेवर आहे, यंत्रं ठीक आहेत, पण रंगमंचावरच्या उजेडाने ते पुसून टाकलंय. हा बिघाड नसून रचनेचा दोष आहे. त्याचा हिशेब पुढे स्वतंत्रपणे मांडला आहे.

हे ओळखता यावं म्हणून तालमींच्या दिवसांत प्रोजेक्टरच्या पडद्यावर येणाऱ्या सूचना चालू ठेवा. प्रयोगाला मात्र त्या बंद करा आणि रिकाम्या सिग्नलसाठीचा रंग निळ्याचा काळा करा. हा एवढा बदल केला तरी दोन सेकंदांची गैरहजेरी प्रेक्षकांना निळ्या झगझगाटाऐवजी साध्या अंधारासारखी वाटते.

शिवाय बूथमध्ये वही ठेवा. घड्याळातली वेळ, चित्राचा क्यू, त्या क्षणी चालू असलेला प्रकाशाचा क्यू, किती सेकंद गेलं आणि काळोख कोणता, एवढंच लिहायचं. 'मध्येच कधीतरी जातं' असं ज्या बिघाडाबद्दल सगळे सांगत असतात, त्यामागची शिस्त या नोंदींतून बऱ्याचदा दिसू लागते.

फुकटातल्या तपासण्या

लॅपटॉपपासून सुरुवात करा. स्क्रीन झोपण्याची वेळ, स्क्रीनसेव्हर, आपोआप होणारे अपडेट आणि सूचनांच्या पट्ट्या, सगळं बंद. तालमीत आपण सतत माउस हलवत असतो, त्यामुळे झोपेचं घड्याळ दर वेळी पुन्हा शून्यापासून सुरू होतं. प्रयोगात दोन क्यूंमध्ये लांबलचक संवाद असतो, कोणी काही दाबत नाही आणि स्क्रीन झोपते. तालमीत कधीच न दिसणाऱ्या बिघाडाचं हे एक अगदी साधं कारण आहे. प्रयोगाच्या सॉफ्टवेअरने झोप रोखून धरली असेल असं गृहीत धरू नका, सिस्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. चार्जर लावलेला आहे का तेही बघा, कारण बॅटरीवर चालताना झोपेचे नियम वेगळे असतात.

मग बघा, डिस्प्ले 'मिरर' वर (दोन्हीकडे एकच चित्र) आहे की 'एक्स्टेंड' वर (दोन स्वतंत्र स्क्रीन). प्रयोगासाठी नेहमी एक्स्टेंड. मिररमध्ये लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांना एकाच रिझोल्यूशनवर तडजोड करावी लागते आणि तुमचा कर्सरही प्रेक्षकांना दिसतो.

प्रोजेक्टरच्या मेनूत चार गोष्टी बघा. सिग्नल नसताना ठरावीक मिनिटांनी बंद होण्याची सोय: बंद. सिग्नल आपोआप शोधण्याची सोय: बंद, कारण सिग्नल क्षणभर तुटला की प्रोजेक्टर सगळी दारं एकेक करून ठोठावत बसतो आणि दोन सेकंदांचा खंड दहा-पंधरा सेकंदांचा होतो. आपोआप होणारं कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणं): बंद, नाहीतर जवळच्या सबवूफरच्या हादऱ्याने यंत्र स्वतःला पुन्हा सरळ करू बघतं आणि तुमची मापं बिघडतात. चौथी गोष्ट, चित्र काळं झालं की उजेड कमी करणारा ऊर्जाबचतीचा मोड. तोही बंद, कारण पुढचं चित्र येताना उजेड हळूहळू चढतो आणि क्यू चुकल्यासारखा वाटतो.

आता शिडी लावा आणि प्रोजेक्टरच्या मागे जाऊन जोड डोळ्यांनी बघा. एचडीएमआयच्या नेहमीच्या प्लगला खटका नसतो, तो नुसत्या घर्षणावर टिकून असतो. प्रोजेक्टर वर टांगलेला, केबल जाड, आणि तिचं सगळं वजन त्या प्लगवर. काही दिवसांनी प्लग एका बाजूने केसभर खाली झुकतो. बघताना बसलेलाच दिसतो, पण बोटाने हलकेच वर उचलला की चित्र येतं आणि सोडला की जातं. तालमीत शांतता असते. प्रयोगात सबवूफर घुमतो, नाच असतो, वरचा पाइप थरथरतो आणि तो केसभर झुकलेला प्लग सुटतो. उपाय सोपा आहे: केबल प्लगच्या अलीकडे प्रोजेक्टरच्या ब्रॅकेटला वेलक्रो पट्टीने बांधा आणि पट्टी ते प्लग यांच्यामध्ये थोडी ढील सोडा. वजन पट्टीने पेललं पाहिजे. लॅपटॉपच्या बाजूच्या डाँगललाही (एचडीएमआय केबल जोडण्याच्या छोट्या अडॅप्टरलाही) हेच लागू. तो टेबलाच्या कडेवरून लोंबकळता कामा नये.

बूथमध्ये गॅसवर खाली-वर होणारी खुर्ची असेल तर तिच्याकडेही लक्ष द्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण अशा खुर्चीवरून उठता-बसताना स्थिर विजेचा झटका निर्माण होतो आणि कमी प्रतीच्या केबलवरून जाणारं चित्र त्याने क्षणभर तुटू शकतं. क्यू देऊन ऑपरेटर उठला की चित्र जातं, अशी नोंद वहीत सापडली तर आधी खुर्ची बदलून बघा.

उष्णता

दर वेळी साधारण तेवढ्याच वेळाने उजेड विझत असेल तर संशय उष्णतेवर घ्या. प्रोजेक्टरचा एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. नाटकाच्या प्रोजेक्टरचा फिल्टर कार्यालयातल्यापेक्षा खूप लवकर भरतो, कारण रंगमंचावर धूळ, कापडाचे धागे आणि धुराच्या यंत्राचे कण असतात. तेलावर चालणाऱ्या हेजरची (विरळ धुकं सोडणाऱ्या यंत्राची) बारीक पुटं फिल्टरवरच नव्हे, लेन्सवरही बसतात. फिल्टर धुण्याजोगा आहे की बदलायचा, ते माहितीपुस्तिकेत बघा. ओला फिल्टर परत बसवू नका.

मग हवेची वाट. आवाज कमी व्हावा म्हणून प्रोजेक्टरभोवती खोकं बांधलं असेल तर गरम हवा बाहेर पडून पुन्हा आत ओढली जात नाही ना? बाजूला एखादा हॅलोजन दिवा नंतर टांगला गेला आहे का? तालमीत सगळे दिवे लागलेले नसतात, एसी चालू असतो आणि प्रेक्षागृह रिकामं असतं. प्रयोगात हे तिन्ही बदलतं, आणि वर पाइपवर बसलेल्या यंत्राला तो फरक खालच्या माणसापेक्षा जास्त जाणवतो.

दिव्याचा प्रोजेक्टर गरम होऊन विझला तर तो लगेच पेटत नाही. दिवा थंड व्हायला काही मिनिटं जावी लागतात, आणि घाईघाईने स्विच चालू-बंद केला तर हा वेळ वाढतोच. लेझरचे प्रोजेक्टर यात बरे, ते लवकर परत येतात.

प्रोजेक्टर नेटवर्कला जोडता येत असेल तर शिडी न लावताही बरंच कळतं. पीजेलिंक नावाची सामाईक नियंत्रण-भाषा अनेक कंपन्यांच्या प्रोजेक्टरना समजते, ती ४३५२ या पोर्टवर चालते. तिच्यातून त्रुटींची स्थिती विचारली की सहा अंकी उत्तर येतं: क्रमाने पंखा, दिवा, तापमान, उघडं झाकण, फिल्टर आणि इतर. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे बिघाड. मध्यंतरात हे उत्तर बघण्याची सवय लावा. तिसऱ्या जागी १ दिसला तर नाटकाच्या दुसऱ्या अंकात काय होणार याची आगाऊ सूचना हातात असते.

साखळी अर्ध्यात तोडा

इथपर्यंत काही सापडलं नाही तर एकेक वस्तू बदलत बसू नका. मोकळ्या दिवशी लॅपटॉप थेट प्रोजेक्टरपाशी न्या आणि दोन मीटरच्या चांगल्या केबलने जोडा. नाटकाच्या पूर्ण लांबीइतका वेळ चालवा, दिवे आणि ध्वनी नेहमीसारखे चालू ठेवून. चित्र टिकलं तर दोन्ही टोकं निर्दोष, दोष लांब केबलमध्ये किंवा तिच्यावरच्या कन्व्हर्टरमध्ये. गेलं तर लांब केबल निर्दोष. एका चाचणीत अर्धी साखळी संशयातून सुटते.

या चाचणीसाठी स्थिर चित्र वापरू नका. जाळीच्या रेषा, आउटपुटचं नाव आणि सतत पळणारं सेकंदांचं घड्याळ असलेली एक फाइल करून ठेवा. संगणक गोठला तर स्थिर चित्र तसंच छान दिसत राहतं. घड्याळ थांबलं की लगेच कळतं. समोर फोन ठेवून पडद्याचं चित्रीकरण केलं तर तुम्ही तिथे नसतानाही खंड नेमका किती वाजता पडला ते सापडतं.

लांब केबल

साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलवर १०८०पी, ६० हर्ट्झचं चित्र साधारण १० ते १५ मीटर भरवशाने जातं. फोर-के, ६० हर्ट्झ असेल तर ५ मीटरच्या पुढे भरवसा धरू नका. बूथपासून प्रोजेक्टरपर्यंत केबल भिंतीवरून, छतातून फिरत जाते, त्यामुळे सरळ रेषेत १२ मीटर असलेलं अंतर केबलमध्ये सहज २५ मीटर होतं. चित्रात चमचमणारे ठिपके दिसणं म्हणजे केबल क्षमतेच्या काठावर आहे. आज ठिपके आहेत, उद्या चित्र जाईल. नवी केबल आणण्याआधी एक फुकटचा प्रयोग: रिझोल्यूशन किंवा फ्रेमचा दर एक पायरी उतरवा. ठिपके गेले तर निदान पक्कं झालं.

लांब अंतरासाठी तीन पर्याय आहेत. पहिला एचडीबेसटी. तो नेटवर्कच्या जातीच्या केबलवरून १०८०पी चित्र १०० मीटरपर्यंत नेतो. पण तो नेटवर्क नव्हे, त्याला मध्ये स्विच किंवा जोडपट्टी चालत नाही. केबल शिल्ड असलेली, घन तांब्याच्या तारेची, एकसंध हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल इथे हटकून दगा देते. उरलेली केबल घट्ट वेटोळं करून ठेवू नका आणि डिमरच्या (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) तारांबरोबर एकाच जुडग्यात बांधू नका.

दुसरा पर्याय ऑप्टिकल एचडीएमआय, म्हणजे चित्र प्रकाशाच्या रूपात नेणारी केबल. ती ५० मीटर आणि त्याहून पुढेही उत्तम चालते. ती एकाच दिशेने चालते, उलटी लावली तर काहीच येत नाही. तिच्या टोकांतल्या इलेक्ट्रॉनिक्सला एचडीएमआयच्या ५ व्होल्टवरूनच वीज घ्यावी लागते. उगमाने किमान ५५ मिलिॲम्पिअर द्यावेत असा नियम आहे, पण बारीक डाँगलकडून तेवढंही नीट मिळेलच असं नाही. केबलला वेगळी यूएसबीची शेपटी असेल तर ती जोडाच.

तिसरा पर्याय एसडीआय, म्हणजे व्यावसायिक व्हिडिओसाठीची चित्रवाहिनी, आणि नाटकासाठी माझी पसंती याला. चांगल्या कोॲक्सिअल केबलवर थ्रीजी-एसडीआय १०८०पी, ६० हर्ट्झ साधारण १०० मीटर नेतो, बीएनसीचा जोड पिळून बसतो आणि ओढला तरी सुटत नाही. शिवाय एसडीआयमध्ये दोन टोकांची आपसात बोलणी होत नाहीत. चित्र पाठवलं जातं, दुसऱ्या टोकाला घेतलं जातं, संपलं. एक मात्र बघा: लॅपटॉपने एचडीसीपी हे कॉपी-संरक्षण चालू केलं तर एसडीआयचा कन्व्हर्टर चित्र पुढे जाऊ देत नाही.

जागा बदलून येणारं चित्र

डेस्कटॉप पडद्यावर आणि नाटक लॅपटॉपवर, हे लक्षण दिसलं तर कारण जवळजवळ ठरलेलं आहे. एचडीएमआयमध्ये प्रोजेक्टर आपली ओळख लॅपटॉपला सांगतो: मी कोण, कोणकोणती रिझोल्यूशन चालतात. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. वेगळ्या एका तारेवरून 'मी जोडलेला आहे' हेही सतत कळवलं जातं. ती तार क्षणभर जरी तुटली तरी लॅपटॉपच्या लेखी दुसरा डिस्प्ले निघून गेला. तो लगेच सगळ्या खिडक्या स्वतःच्या स्क्रीनवर गोळा करतो. तार परत जुळते तेव्हा डिस्प्ले नवा पाहुणा म्हणून येतो आणि मांडणी बदललेली असते. म्हणजे खंड अर्ध्या सेकंदाचा, पण नुकसान पूर्ण प्रवेशाचं.

यावर ईडीआयडी एम्युलेटर नावाची छोटी डबी मिळते. ती लॅपटॉपच्या टोकाला लावायची. पुढे प्रोजेक्टर बंद असो, केबल तुटो, लॅपटॉपला डिस्प्ले कायम जोडलेलाच दिसतो. चित्र परत आलं की जिथे होतं तिथेच येतं. तिच्यात प्रोजेक्टरला खरोखर चालणारं एकच रिझोल्यूशन आणि एकच दर नोंदवा. या संपूर्ण यादीतून एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ही घ्या.

वीज

ठरावीक प्रकाशक्यूवर चित्र जात असेल तर कारण चित्राच्या फाइलमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. जुन्या पद्धतीचे डिमर विजेची लाट मध्येच कापून उजेड कमी करतात. दिवे साधारण निम्म्यावर असतात तेव्हा हा काप लाटेच्या शिखरापाशी पडतो आणि गोंगाट सगळ्यात जास्त होतो. म्हणून पूर्ण उजेडात चित्र ठीक, अंधारात ठीक, आणि संधिप्रकाशाच्या प्रवेशात मात्र आडव्या पट्ट्या किंवा खंड. धुराच्या यंत्राचंही असंच. त्याचा हीटर एक-दोन किलोवॅटचा असू शकतो आणि थर्मोस्टॅट त्याला स्वतःच्या मर्जीने चालू-बंद करतो. एचडीबेसटीचा रिसीव्हर त्याच बोर्डवर असेल तर हीटर लागताच दुवा तुटतो आणि पुन्हा जुळायला काही सेकंद घेतो.

तपासणी अशी: पडद्यावर घड्याळाची फाइल लावा, प्रकाशाचा एकेक गट शून्यापासून पूर्णापर्यंत सावकाश चढवा, निम्म्यावर थांबा, मग धुराचं यंत्र गरम होऊ द्या. खंड कशाने पडतो ते नजरेसमोर येतं. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि मधले सगळे कन्व्हर्टर डिमरपासून वेगळ्या, थेट वीजपुरवठ्यावर हवेत. डिमरच्या वाहिनीवर प्रोजेक्टर कधीही लावू नका, ती वाहिनी पूर्णावर ठेवली असली तरीही. लॅपटॉप आणि कन्व्हर्टर छोट्या यूपीएसवर असले तर उत्तम.

पट्ट्या घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे लोक मी पाहिले आहेत. पट्ट्या जातात, आणि लोखंडी पाइपला टांगलेलं यंत्र माणसाला झटका देण्याच्या स्थितीत येतं. हे करू नका आणि कोणी करत असेल तर त्याला थांबवा. दोन टोकं विजेने वेगळी करायची असतील तर ऑप्टिकल दुवा वापरा. फक्त त्या केबलमध्ये नियंत्रणासाठी तांब्याच्या तारा सोबत धावत नाहीत ना, ते बघून घ्या. बऱ्याच ऑप्टिकल एचडीएमआय केबलमध्ये त्या असतात.

झटके देणारं चित्र

हा थोडक्यात आटपतो. इंटरनेटसाठी दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये बहुतेक फ्रेम मागच्या-पुढच्या फ्रेमवर अवलंबून असतात, म्हणून क्यूवर उडी मारताना किंवा लूप फिरताना संगणक अडखळतो. प्रयोगासाठी प्रोरेस किंवा हॅपसारखा कोडेक (फाइल साठवण्याची पद्धत) वापरा आणि फाइल आतल्या एसएसडीवर ठेवा. फ्रेमचा दर जुळवा: २५ किंवा ५० फ्रेमचं चित्रीकरण असेल तर आउटपुट ५० हर्ट्झ, ३० किंवा ६० असेल तर ६० हर्ट्झ. २५ फ्रेमचं चित्र ६० हर्ट्झवर चालवलं की सावकाश सरकणारे ढगसुद्धा ठेचकाळतात, आणि दोष उगाच केबलवर जातो.

चौथा काळोख: उजेडाने खाल्लेलं चित्र

इथे हिशेब केल्याशिवाय वाद मिटत नाही, म्हणून आकडेच मांडतो. समजा चित्र ६ मीटर रुंद आणि १६:९ आहे. उंची ३.३७५ मीटर, क्षेत्रफळ साधारण २० चौरस मीटर. प्रोजेक्टरमधून प्रत्यक्षात ६,००० ल्युमेन (एकूण उजेड) बाहेर पडत असतील तर पडद्यावर साधारण ३०० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) मिळतात. रंगमंचावरच्या दिव्यांचा सांडलेला उजेड पडद्यावर १०० लक्स असेल, तर चित्रातला पांढरा ४०० आणि काळा १००. गुणोत्तर ४:१. चेहरा आहे की डाग, हे मागच्या रांगेला कळणार नाही.

आता दुप्पट ताकदीचा प्रोजेक्टर आणला तर ७०० विरुद्ध १००, म्हणजे ७:१. खर्च आणि वजन दोन्ही वाढलं, सुधारणा मात्र बेताची. त्याऐवजी आहे तोच प्रोजेक्टर ठेवून सांडलेला उजेड १०० वरून २० लक्सवर आणला तर ३२० विरुद्ध २०, म्हणजे १६:१.

म्हणून मोठा प्रोजेक्टर मागण्याआधी प्रकाशयोजनाकाराबरोबर बसा. नटांना पडद्यापासून दोन-अडीच मीटर पुढे आणा, समोरून सपाट येणाऱ्या दिव्यांऐवजी बाजूने आणि चढ्या कोनातून उजेड द्या, म्हणजे तो नटावरून जमिनीवर पडतो, पडद्यावर जात नाही. जमिनीकडेही बघा. फिकट, चकचकीत जमीन उजेड परत वर उडवते. गडद, खरखरीत जमीन तो गिळते. आणि चित्रकर्त्याने आपल्या बाजूने बारीक राखाडी छटांवर विसंबू नये. पांढऱ्या पार्श्वभूमीपेक्षा गडद पार्श्वभूमीवरचा ठळक आकार रंगमंचावर कितीतरी चांगला टिकतो, शिवाय चित्राची चौकट दिसत नाही. लक्स मोजायला साधा लाइट मीटर पुरतो. मापन मात्र प्रत्येक मोठ्या प्रकाशक्यूला पडद्याजवळ उभं राहून करा.

प्रयोगात गेलंच तर

आधी शटर बंद. ऑपरेटरच्या हाताखाली एकच बटण असं असावं की ज्याने प्रोजेक्टरचा उजेड बाहेर पडायचा थांबेल. पीजेलिंकमधून हे करता येतं, किंवा लेन्ससमोर डीएमएक्सवर (प्रकाशाच्या कन्सोलच्या नियंत्रण-सिग्नलवर) चालणारं यांत्रिक शटर लावता येतं. मग रंगमंच व्यवस्थापकाला कळवा. नंतरच दुरुस्ती. प्रेक्षकांसमोर मेनू उघडायचे नाहीत, प्रवेशाच्या मध्यावर संगणक पुन्हा सुरू करायचा नाही, अंधाराची किंवा प्रवेशबदलाची वाट बघायची. शक्य असेल तिथे दुसरा संगणक तीच फाइल सोबत चालवत ठेवा आणि दोघांमधला स्विचर बूथमध्ये, लांब केबलच्या अलीकडे बसवा.

प्रकाशयोजनेत चित्राशिवाय चालेल असा एक राखीव क्यू आधीच नोंदवून ठेवा आणि नटांना तो तालमीत एकदा दाखवा. त्याहून मूळची गोष्ट दिग्दर्शकाशी बोलायची आहे: कथानकातली अत्यावश्यक माहिती फक्त पडद्यावर ठेवू नका. पत्रातली ओळ पडद्यावर उमटते तेव्हा नटाच्या तोंडीही तिचा एखादा तुकडा असावा. चित्र गेलं तरी प्रवेश उभा राहिला पाहिजे.

इथे थांबा, तंत्रज्ञाला बोलवा

प्रोजेक्टरचं झाकण उघडावं लागेल असं वाटलं की थांबा. झेनॉन दिवा थंड असतानाही आतून दाबाखाली असतो आणि फुटला तर काचा उडतात. तो बदलणं प्रशिक्षित माणसाचं काम आहे. पाऱ्याचा दिवा फुटल्याचा आवाज आला तर वीज बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, जागा हवेशीर करा आणि काचा हाताने गोळा करू नका. लेझर प्रोजेक्टरच्या आतल्या भागाला हात लावायचा नाही आणि पेटलेल्या कुठल्याच प्रोजेक्टरच्या लेन्समध्ये बघायचं नाही. 'जोखीम गट ३' (डोळ्यांना सर्वाधिक धोका) असा शिक्का असेल तर उंच मंचावर उभा राहणारा नट लेन्सच्या धोक्याच्या अंतरात येत नाही, याची खात्री पुरवठादाराकडून करून घ्या.

यंत्राच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्या, जळका वास आला किंवा यंत्रणेचा ब्रेकर दोनदा पडला, तर तिसऱ्यांदा उचलू नका. परवानाधारक वीजतंत्रज्ञ येईपर्यंत प्रोजेक्शनशिवाय प्रयोग करा. टांगणी सैल वाटली, चित्र रोज थोडं थोडं खाली सरकत असेल किंवा सुरक्षेची दुसरी साखळी दिसत नसेल, तर खालची जागा रिकामी करा आणि रिगिंगच्या जाणकाराला बोलवा. चित्रात न हलणारे पांढरे ठिपके, एका कोपऱ्यात पसरलेला पिवळा-निळा डाग किंवा आतून येणारी कर्कश घरघर, ही प्रकाशयंत्रणेच्या आतली दुखणी आहेत, ती बाहेरून बरी होत नाहीत.

यंत्र दुरुस्तीला गेलं आणि बदली प्रोजेक्टर मागवायचा झाला तर नुसते ल्युमेन सांगू नका. लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी हा थ्रो रेशो सांगा. ९ मीटरवरून ६ मीटर रुंद चित्र म्हणजे १.५. पॅनेलचं मूळ रिझोल्यूशन, लेन्स वर-खाली आणि आडवी किती सरकवावी लागते, आणि कोणता इनपुट हवा, हेही त्याच निरोपात लिहा. यातलं एक जरी जुळलं नाही तरी नवं यंत्र जुन्या जागी टांगून चित्र जुन्या चौकटीत बसत नाही, आणि सगळी मॅपिंग (चित्र नेपथ्यावर नेमकं बसवण्याचं काम) प्रयोगाच्या दिवशी पहिल्यापासून करावी लागते.